जादा काडतुसं किती बाळगायची? अमेरिकेत परवाना घेऊन पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी

उत्तर आधी देऊन टाकू. पंधरा गोळ्यांच्या मॅगझिनचं (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीचं) पिस्तूल (ग्लॉक १९ किंवा त्या मापाचं) कमरेला असेल तर जादा मॅगझिन एक. सहा ते दहा गोळ्यांचं लहान पिस्तूल असेल तरी एकच, पण ते घरी ठेवून निघायचं नाही. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर असेल तर गोळ्या लावलेल्या दोन रबरी पट्ट्या. याहून जास्त वजन रोज, ऑफिसला आणि किराणा दुकानात जाताना वागवणारी माणसं फार थोडी. सुरुवातीला हौसेने दोन-दोन मॅगझिन पट्ट्याला लावतात आणि महिन्याभरात दोन्ही ड्रॉवरमध्ये जातात. मग हाताशी उरतं शून्य.

गोळी बाळगता येते का, हे आधी

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. संघीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूकच नव्हे, गोळी जवळ ठेवायलाही मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर काही करण्याआधी वकिलाशी बोला. इथे चूक झाली तर दंड भरून सुटका नाही. फौजदारी गुन्हा लागतो आणि व्हिसाही जातो. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही.

त्यानंतर राज्याचा कायदा. बंधन सहसा एका मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात यावर असतं, अंगावर एकूण किती आहेत यावर नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये मर्यादा १० आहे. कोलोरॅडोत १५, इलिनॉयमध्ये हँडगनसाठी १५, डेलावेअरमध्ये १७. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया इथे राज्य पातळीवर मर्यादा नाही. यांतल्या बऱ्याच कायद्यांवर खटले चालू असतात, म्हणून राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूर वाचूनच मॅगझिन विकत घ्या.

फिलाडेल्फियाच्या बाजूने न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे येणाऱ्यांनी तर हे पाठच करावं. पेनसिल्व्हेनियात कायदेशीर असलेलं १५ गोळ्यांचं मॅगझिन नदी ओलांडली की न्यू जर्सीत गुन्हा ठरतं, आणि पेनसिल्व्हेनियाचा परवानाही तिथे चालत नाही. शिवाय पोकळ टोकाच्या गोळ्यांबद्दल न्यू जर्सीचा वेगळा नियम आहे. तो मॅगझिनच्या नियमात मिळणार नाही, स्वतंत्रपणे वाचावा लागेल. मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसीत परवाना किंवा नोंदणी नसताना नुसती गोळी सापडली तरी प्रकरण उभं राहतं. गाडीच्या सीटखाली घरंगळलेलं एक काडतूससुद्धा त्यात येतं.

आकडे काय सांगतात

सामान्य नागरिकांच्या बाबतीत झाडलेल्या गोळ्यांचे आकडे लहान आहेत. बंदूक प्रशिक्षक क्लॉड वर्नर यांनी नॅशनल रायफल असोसिएशनच्या मासिकात १९९७ ते २००१ या काळात छापून आलेल्या स्वसंरक्षणाच्या ४८२ घटना तपासल्या. जिथे गोळ्यांची संख्या दिली होती तिथे सरासरी २.२ निघाली. पुन्हा गोळ्या भराव्या लागल्या अशा घटना तीनच. त्यांतल्या एकीत समोर पळून आलेला सिंह होता आणि हातात .३२ कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर. तेरा गोळ्या लागल्या.

म्हणजे जादा मॅगझिन नकोच? थांबा. या घटना वर्तमानपत्रांतून आलेल्या आहेत आणि त्यांत माणूस वाचलेला आहे. ज्याच्या गोळ्या संपल्या आणि जो वाचला नाही, तो या यादीत येतच नाही. शिवाय सरासरी ही सोप्या प्रसंगांवर ठरते. बहुतेक चोर पहिली गोळी सुटताच पळतात, त्यांच्यासाठी पाच गोळ्याही पुष्कळ. तयारी असते ती न पळणाऱ्यासाठी.

दुसरी बाजू पोलिसांची. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या गोळीबारांचा अभ्यास रँड या संशोधन संस्थेने केला. समोरूनही गोळ्या येत असताना नेम लागण्याचं प्रमाण १८ टक्के निघालं, समोरून गोळीबार नसताना ३० टक्के. हेच प्रमाण धरलं तर पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर रिकामं होईपर्यंत जेमतेम एक गोळी लागते. आणि हँडगनची एक गोळी लागल्याने माणूस थांबेलच असं नाही. इलिनॉयमधल्या स्कोकी इथे २००८ साली एका पोलिसाने बँक लुटणाऱ्याला .४५ च्या १४ गोळ्या मारल्या, तेव्हा कुठे तो थांबला. पोलिसाजवळ सुरुवातीला ४७ गोळ्या होत्या, शेवटी हातातल्या पिस्तुलात चारच उरल्या. नंतर तो रोज १४५ गोळ्या बाळगू लागला.

ही कथा जादा मॅगझिनच्या प्रत्येक वादात येते, पण तिच्यावरून आपला आकडा ठरवू नका. पोलिसाला गुन्हेगाराचा पाठलाग करावा लागतो, वाट निघाली तरी त्याला पाठ फिरवता येत नाही. तुमचं काम तिथून निघून जाण्याचं आहे. प्रत्येक जादा सेकंद गोळीबारात घालवण्यापेक्षा दाराकडे घालवलेला बरा. पोलिसाच्या पट्ट्यावर दोन मॅगझिन असतात म्हणून आपल्याही असावीत, हा हिशेब चुकतो तो इथे.

मग एक मॅगझिन तरी कशाला?

कारण मॅगझिनवाल्या पिस्तुलात सगळ्यात आधी बिघडतं ते मॅगझिनच. त्याचे ओठ (गोळ्या धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकतात, स्प्रिंग मऊ पडते, तळाची पट्टी सुटते, आत कपड्याचे धागे जमतात. झटापटीत मॅगझिन सोडण्याचं बटण दाबलं जाऊन मॅगझिन खाली पडतं. गाडीत सीटबेल्टच्या दाबाने ते अर्धवट सुटतं आणि पहिल्या गोळीनंतर पिस्तूल मुकं होतं. अशा वेळी तुमच्याजवळ पंधरा गोळ्या होत्या याला अर्थ उरत नाही. गाडीत स्टेपनी ठेवतो ती चार चाकं कमी पडतात म्हणून नव्हे. जादा मॅगझिनचंही तसंच आहे, आणि म्हणूनच पिस्तूल मोठं असो की लहान, आकडा एकावरच येतो.

दुहेरी भरणा ही याची ठळक बाब. रिकामं कवच चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी बसते त्या जागेत) अडकून राहतं आणि मागून नवी गोळी त्याला ढुसण्या देत असते. मॅगझिनच्या तळाला थाप मारून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढण्याचा नेहमीचा उपाय इथे चालत नाही. क्रम असा: स्लाइड मागे ओढून अडकवा, बटण दाबून मॅगझिन जोराने उपटा, स्लाइड तीनदा सपासप ओढा, नवं मॅगझिन बसवा, पुन्हा एकदा स्लाइड ओढा. उपटलेलं मॅगझिन काखेत किंवा करंगळीत धरून ठेवण्याची कसरत रेंजवर जमते. अंधारात, हात थरथरत असताना ते जमिनीवरच जातं. ज्याच्याजवळ दुसरं नाही, त्याच्या हातात चेंबर रिकामं केलेलं लोखंड राहतं.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी

रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नाही, त्यामुळे वरचं कारणही नाही. इथे जादा गोळ्या असतात त्या खरंच गोळ्या कमी पडतील म्हणून, आणि भरायला वेळ फार लागतो. १९७० साली कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे हायवे पोलिसांचे चार जण मारले गेले. त्यांतला एक रिव्हॉल्व्हर भरत असताना गेला. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी गोल स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरणारं साधन) स्वीकारला. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयच्या चकमकीत हाताला गोळी लागलेल्या एजंटला आपलं रिव्हॉल्व्हर भरताच आलं नाही.

गोल स्पीडलोडर वेगवान, पण खिशात लिंबाएवढा उंचवटा येतो. रबरी पट्टी सपाट आणि खिशात दिसत नाही, पण हळू. सहा खाचांच्या पट्टीत पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरसाठी चारच गोळ्या लावा: दोन, एक खाच रिकामी, दोन. शेवटची खाच बोटांनी धरायला राहते आणि दोन-दोन गोळ्या एकदम आत जातात. रिकामी कवचं काढताना नळी आकाशाकडे करून कवचं बाहेर ढकलणारा दांडा तळहाताने एकदाच सपकन मारा. हळू दाबलात तर एखादं कवच चांदणीखाली (दांड्याच्या टोकाचा, कवचं उचलणारा ताऱ्यासारखा भाग) सरकतं आणि ते नखाने उकरत बसावं लागतं. स्पीडलोडर वापरणार असाल तर मुठीची डावी बाजू तासलेली आहे ना, हे आधी पाहा. जाड मूठ लोडरला अडवते.

कुठे आणि कसं ठेवायचं

उजव्या हाताने गोळी झाडणाऱ्याचं मॅगझिन डाव्या कमरेला, गोळ्यांची टोकं पुढच्या बाजूला. हात खाली गेला की तर्जनी पुढच्या कडेवर सरळ येते आणि तीच मॅगझिनला मुठीत वाट दाखवते. टोकं उलटी ठेवली तर मनगट फिरवावं लागतं आणि मॅगझिन उलटं बसवण्याची चूक नेमकी गडबडीत होते.

खिशात ठेवायचं असेल तर पुढच्या डाव्या खिशात, कव्हरमध्ये, आणि त्या खिशात दुसरं काही नको. मोकळं मॅगझिन खिशात आडवं होतं. नाणं किंवा चावी ओठांत शिरते आणि वरची गोळी पुढे सरकते. पाठीमागच्या खिशात ठेवलं तर बसल्यावर हात पोचत नाही. बॅकपॅकमध्ये किंवा गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेलं मॅगझिन या लेखापुरतं नाहीच असं समजा. वर ते चोरीला जाण्याचा धोकाही घेता.

९ मिमीचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. पंधरा गोळ्या भरलेलं ग्लॉक १९ चं मॅगझिन अडीचशे ग्रॅमच्या आसपास जातं. नुसत्या चामड्याच्या फॅशनच्या पट्ट्याला हे वजन पेलत नाही. पँट एका बाजूला ओढली जाते, माणूस सारखा ती सावरत राहतो आणि बघणाऱ्याला कळतं. आधी पिस्तुलासाठी बनवलेला कडक पट्टा घ्या.

लहान पिस्तूल वापरणाऱ्यांना एक सोय आहे. सिग पी३६५ मध्ये दहा गोळ्यांचं बसकं मॅगझिन ठेवा आणि जादा म्हणून बारा किंवा पंधराचं लांब बाळगा (राज्याची मर्यादा पाहून). मूठ लपवायची असते, जादा मॅगझिन नव्हे.

रात्रीचा वेगळा विचार करा. झोपायच्या कपड्यांना ना पट्टा ना खिसा. कुलूपबंद पेटीत पूर्ण भरलेलं पिस्तूल आणि शेजारी टॉर्च, एवढं पुरे. मुलं असलेल्या घरात मोकळं मॅगझिन उशाशी ठेवायचं नाही, तेही पेटीतच.

देखभाल, म्हणजे जिथे लोक आळस करतात

प्रत्येक मॅगझिनच्या तळावर पांढऱ्या शाईने आकडा टाका. रेंजवर अडकणूक झाली की आकडा लिहून ठेवा. एकाच आकड्याखाली दोनदा नोंद झाली की ते मॅगझिन सरावाला, कमरेला नाही. सरावाला आणि कमरेला एकच मॅगझिन वापरू नका. रेंजच्या काँक्रीटवर आपटून ओठ वाकतात आणि डोळ्यांना दिसतही नाहीत.

बाळगायच्या गोळ्या पिस्तुलात चालतात का, हे त्याच गोळ्या झाडून पाहायला हवं. सरावाच्या स्वस्त गोल टोकाच्या गोळ्या नीट जातात म्हणून पोकळ टोकाच्याही जातील असं नाही. बाळगायचं प्रत्येक मॅगझिन निदान दोनदा पूर्ण भरून, त्याच गोळ्यांनी, न अडकता रिकामं झालं पाहिजे.

पूर्ण भरलेलं मॅगझिन स्लाइड पुढे असताना बसवून पाहा. पुष्कळ नव्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग इतकी दाबलेली असते की खटका लागत नाही, लागल्यासारखा वाटतो फक्त. तसं असेल तर एक गोळी कमी भरा. पंधराऐवजी चौदा, पण बसलेल्या.

रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तीच गोळी चेंबरमध्ये चढवण्याची सवय वाईट. दर वेळी टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून कवचात आत सरकतं आणि आतला दाब धोकादायक वाढतो. ती गोळी डब्यातल्या नव्या गोळीशेजारी उभी करून पाहा. जराही बुटकी दिसली तर झाडू नका, रेंजच्या खराब गोळ्यांच्या डब्यात टाका. पिस्तुलाला तेल द्या, पण तेलकट हाताने गोळ्या भरू नका. तेल प्रायमरमध्ये (कवचाच्या तळाची ठिणगी देणारी टिकली) उतरलं तर गोळी मुकी होते. घामट हवेत वर्षातून एकदा सगळ्या गोळ्या बदला आणि जुन्या रेंजवर संपवा.

सराव घरी, खोट्या काडतुसांवर करा. खऱ्या गोळ्या त्या खोलीतही नकोत. रोजचाच शर्ट घालून, कपड्याखालून मॅगझिन काढून बदलायला तीन-चार सेकंदांच्या आत जमत असेल तर ठीक. दहा लागत असतील तर तिसऱ्या मॅगझिनचा विचार सोडा आणि पहिल्या जादा मॅगझिनवर वेळ घालवा.

भारतात जाण्याआधी

अमेरिकेतून मुंबईला येताना बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस, हे संकट ऐकायला किरकोळ वाटतं. भारताच्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन ते पाच वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं आहे की वस्तू जवळ आहे याची जाणीव असल्याशिवाय ताबा ठरत नाही, आणि त्या आधारावर उच्च न्यायालयांनी अशी प्रकरणं रद्दही केली आहेत. पण ते पुढचं. आधी विमान चुकतं, पोलिस ठाणं होतं, जामीन होतो, आणि रद्द होईपर्यंत तारखा चालतात.

म्हणून रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती घेऊन कधीही प्रवास करू नका. निघायच्या आदल्या दिवशी प्रवासी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराच्या फाटक्या कडेत बोट घालून बघा. जॅकेटचे आतले खिसे, कॅमेऱ्याची बॅग, मुलांच्या बॅगाही त्यातच. जादा मॅगझिन आणि गोळ्या मोजून पेटीत ठेवा. आकडा जुळला नाही तर बॅग बंद करू नका.