टीव्हीला जोडलेल्या पीसीवर व्हिडिओ अडकतोय? खर्च करण्याआधी या चुका टाळा

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप स्वस्तात घ्यायचा, टीव्हीच्या युनिटमध्ये ठेवायचा, त्यावर कोडी हा व्हिडिओ प्लेयर टाकायचा आणि हार्ड डिस्कवरचे पिक्चर मोठ्या पडद्यावर बघायचे, हा बेत उत्तम आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेऊन आजही अनेक जण हेच करतात. अडचण येते ती पहिली ४के फाइल लावल्यावर. चित्र अडखळतं, आवाज पुढे निघून जातो. मग कोणी रॅम वाढवतं, कोणी एसएसडी टाकतं, कोणी विंडोज नव्याने घालतं. पैसे जातात, गचके तसेच राहतात, कारण गचका नेमका कधी आणि कसा येतो हे कोणी बघितलेलंच नसतं.

निम्मं निदान तिथेच होतं. सुरुवातीपासून सतत अडखळत असेल तर संशय डिकोडिंगवर, म्हणजे आवळलेल्या फाइलमधून चित्र उलगडण्याच्या कामावर घ्या. अर्ध्या-पाऊण तासाने सुरू होत असेल तर मशीन तापतंय. एकाच फाइलमध्ये दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर फाइल किंवा डिस्क खराब आहे. आणि एकही फ्रेम गळत नसताना कॅमेरा आडवा फिरला की चित्र थरथरत असेल, तर प्रोसेसरचा काही दोष नाही. पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवायचं तो आकडा, चुकलाय.

मशीनला झेपतंय का, हे न बघणं

कोडीत पिक्चर चालू असताना कीबोर्डवरची ओ ही कळ दाबा. डिकोडरच्या नावापुढे हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे लिहून येतं. एमपीव्ही या प्लेयरमध्ये आय दाबलं की गळालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. व्हीएलसीत तो मीडिया इन्फर्मेशनमधल्या स्टॅटिस्टिक्सच्या टॅबमध्ये असतो. यूट्यूबवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. सोबत टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) व्हिडिओ डिकोड हा आलेख बघा. तो शून्यावर पडलेला आणि सीपीयू शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला, तर सगळा भार सीपीयू एकटा ओढतोय.

चौथ्या पिढीच्या इंटेलवर हेच होतं. व्हिडिओ आवळण्याच्या पद्धती, म्हणजे कोडेक, अनेक आहेत. त्यातल्या जुन्या एच.२६४ मधली फुल एचडी फाइल ते आरामात चालवतं. पण ४के पिक्चर बहुतेक वेळा एचईव्हीसी या नव्या कोडेकच्या १०-बिट प्रकारात असतात. इंटेलच्या चिपमध्ये ८-बिट एचईव्हीसीचं पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग आलं २०१५ मध्ये, सहाव्या पिढीत. १०-बिटसाठी सातवी पिढी लागते आणि एव्ही१ या त्याहून नव्या कोडेकसाठी अकरावी. म्हणूनच ८४ वॉटचा जुना आय५ जिथे धापा टाकतो, तिथे इंटेलचाच ६ वॉटचा एन१०० असलेला छोटा मिनी पीसी निवांत चालतो. हे काम निव्वळ ताकदीचं नाही, त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असावा लागतो. रॅम कितीही वाढवा, तो भाग येत नाही.

जुनाच डेस्कटॉप ठेवायचा असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे बुटकं ग्राफिक्स कार्ड टाकता येतं. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे स्वस्त मिळतं म्हणून जीटी ७१० घेणं. त्याला एचईव्हीसी हार्डवेअरवर डिकोड करता येत नाही आणि त्याच्या एचडीएमआयवर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं. दुकानदार ते "४के सपोर्ट" म्हणून विकेल, पण तुमचा प्रश्न सुटणार नाही. जीटी १०३० मात्र एचईव्हीसी १०-बिट आणि यूट्यूबचा व्हीपी९ कोडेक दोन्ही पेलतं, आणि बारक्या कॅबिनेटमध्ये बसतं. एव्ही१ त्यालाही जमत नाही. फक्त यूट्यूबच अडकत असेल तर खर्चसुद्धा नको. एच.२६४ चाच प्रवाह मागवणारं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाका. १०८० पीच्या वर जाता येणार नाही, पण जुन्या मशीनवर चित्र सरळ चालेल.

कोडेक पॅक नावाची गाठोडी मात्र टाकू नका. व्हीएलसी, कोडी, एमपीव्ही यांच्यात लागणारं सगळं आधीच असतं. तीन-चार पॅक एकमेकांवर चढवले की कुठला डिकोडर वापरला जातोय हेच कळेनासं होतं. हार्डवेअर डिकोडिंगचा पर्याय प्लेयरमध्ये चालू आहे ना, एवढंच तपासा. एमपीव्हीमध्ये तो मुळात बंद असतो, कंट्रोल आणि एच दाबून चालू होतो.

रिफ्रेश रेटकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, कारण इथे मशीन चांगलं असूनही चित्र चांगलं दिसत नाही.

सिनेमा सेकंदाला साधारण २४ फ्रेमचा असतो, नेमकं सांगायचं तर बहुतेक फाइल २३.९७६ च्या असतात. विंडोज टीव्हीला पाठवतं ६० हर्ट्झ. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा अशी दाखवावी लागते. माणसं बोलत बसलेली असतील तर कळत नाही. कॅमेरा डोंगररांगेवरून संथ फिरला किंवा शेवटची नामावली वर सरकू लागली, की थरथर लगेच डोळ्यात भरते.

कोडीत प्लेयरच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओखाली अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट आहे. तो ऑन स्टार्ट अँड स्टॉप वर ठेवा. पिक्चर सुरू होताना टीव्ही क्षणभर काळा होईल, घाबरू नका, तो रेट बदलतोय. विंडोजमध्ये हाताने रेट निवडत असाल तर २३ आणि २४ असे दोन वेगळे पर्याय दिसू शकतात. २३ म्हणजे २३.९७६. चुकून २४ निवडलं तर सगळं गुळगुळीत चालेल, फक्त दर ४१-४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसेल आणि बारीकसा हिसका बसेल. हा ठरावीक अंतराने येणारा हिसका दिसला की दुसरं काही शोधत बसू नका.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. भारतीय टीव्ही ५० हर्ट्झच्या पद्धतीवर चालत आलाय, त्यामुळे मराठी मालिका, बातम्या, जुनी नाटकं यांच्या बऱ्याच फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात. ६० हर्ट्झवर त्यांचा मेळ २४ पेक्षाही वाईट बसतो. ब्राउझर स्वतःहून रेट बदलत नाही. यूट्यूबवर मालिकांचे भाग बघायचे असतील तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ५० हर्ट्झ करा, प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसेल. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या क्रिकेट सामन्यात खेळाडूंच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील, तर प्लेयरमध्ये डीइंटरलेसिंग चालू करा.

माऊसचा बाणसुद्धा जड चालतोय असं वाटलं तर ४के ३० हर्ट्झवर तर नाही ना, ते बघा. ऑफिसच्या डेस्कटॉपला अनेकदा एचडीएमआय नसतो, डिस्प्लेपोर्ट असतो, आणि त्यावर साधा स्वस्त अ‍ॅडॉप्टर लावला की ३० हर्ट्झच्या वर जाता येत नाही. ४के ६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेला अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॉप्टर घ्या. टीव्हीतलं मोशन स्मूदिंगही (मधल्या फ्रेम टीव्हीने स्वतः बनवून घालणं) बंद करून बघा, गचक्यांचा आळ बऱ्याचदा पीसीवर येतो आणि करणी टीव्हीची असते.

नेटवर्क, उष्णता आणि डिस्क

फाइल घरातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा नॅसवरून (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावरून) येत असेल तर ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवून काहीही होत नाही, कारण ती इंटरनेटवर जातच नाही. ४के ब्लू-रेचा डेटा सेकंदाला १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो. लॅन केबलमधली एखादी तार तुटलेली असेल तर जोडणी १००० वरून गुपचूप १०० मेगाबिटवर येते, आणि मग फक्त मारामारीच्या, धुराच्या, पावसाच्या दृश्यांत अडकतं. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. वाय-फायच वापरायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झ, आणि यूएसबी ३ ची डिस्क अँटेनाजवळ ठेवू नका. तिच्यामुळे २.४ गिगाहर्ट्झमध्ये अडथळा येतो.

एप्रिल-मेमध्ये काचेचं दार बंद असलेल्या युनिटमधला पीसी तापणारच. दार उघडं ठेवून तोच पिक्चर पुन्हा लावा. फरक पडला तर पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलून घ्या.

त्याच फाइलला त्याच जागी अडकत असेल तर ती आतल्या डिस्कवर कॉपी करून चालवा. कॉपीच अडकली तर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. पेंडिंग किंवा रीअलोकेटेड सेक्टरपुढे रॉ व्हॅल्यूजच्या रकान्यात शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला, तर पिक्चर राहू द्या. त्या डिस्कवर लग्नाचं शूटिंग, मुलांचे लहानपणचे व्हिडिओ असं काही असेल तर ते आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.