कामाच्या आणि झोपण्याच्या व्हॅनसाठी उष्णतारोधक साहित्य कसे निवडावे

दिवसभर हत्यारे वाहून नेणारी आणि रात्री अंथरूण होणारी व्हॅन घरासारखी नसते आणि निव्वळ सहलीच्या गाडीसारखीही नसते. घराच्या भिंतींना हादरे बसत नाहीत आणि सहलीच्या गाडीत सिमेंटची धूळ, ओले दोर, थिनरचे डबे नसतात. कामाच्या व्हॅनमध्ये हे सगळे असते आणि त्याच पत्र्याच्या खोक्यात माणूस सहा-सात तास श्वास घेत झोपलेला असतो. कोणते साहित्य सर्वांत जास्त उष्णता अडवते, हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे; रात्रीतून आत तयार होणारे पाणी जाणार कुठे, हे त्याआधी ठरवावे लागते.

झोपलेला माणूस श्वास आणि घाम यांवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे एका रात्रीत पाव लिटरहून थोडे अधिक. आत गॅसची शेगडी पेटवली तर १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, आणि ओले बूट व रेनकोट यांची ओल वेगळीच. आतली हवा २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर साधारण १२ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. थंडीच्या रात्री गाडीचा पत्रा त्यापेक्षा कितीतरी थंड असतो. त्यामुळे साहित्य आणि पत्रा यांच्यामध्ये हवेची फट राहिली असेल, तर वाफ तिथपर्यंत पोचते, पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब धरतात आणि ते ओघळून सांध्यांमध्ये साचतात, जिथे ते ना दिसतात ना लवकर वाळतात.

माझ्या पहिल्या गाडीत मी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, भरले होते. स्वस्त होते, हलके होते आणि कागदावरचा आकडाही चांगला होता. एका हिवाळ्यानंतर मागच्या दाराचे प्लायवुड उघडले, तेव्हा वरचा अर्धा भाग रिकामा होता. हादऱ्यांनी सगळी लोकर खाली सरकून दाराच्या तळाशी तिचा वीतभर उंच गोळा झाला होता. तो मुठीत दाबला की बोटांमधून पाणी येत होते आणि त्यामागच्या पत्र्यावर गंजाची तांबूस रेघ उमटली होती. घरबांधणीत अशा लोकरीच्या आतल्या बाजूला वाफ अडवणारा प्लास्टिकचा पडदा अखंड लावतात. परंतु व्हॅनमध्ये फळ्या, हुक आणि मांडण्या बसवताना त्या पडद्याला इतकी भोके पडतात की त्याचा भरवसा धरता येत नाही.

त्यामुळे भिंती आणि छतासाठी माझी पहिली निवड नेहमी बंद पेशींच्या (ज्यातले हवेचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात अशा), लवचिक आणि पत्र्याला पूर्णपणे चिकटवता येणाऱ्या फोमची असते. एअर कंडिशनरच्या तांब्याच्या नळ्यांवर जो काळा, मऊ रबर फोम चढवलेला असतो, तोच मोठ्या शीटमध्ये मिळतो. त्याची उष्णतावाहकता ०.०३५ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते; हा आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी वाहते. तो पत्र्याच्या वळणांवर बसतो, पाणी शोषत नाही, सुरी किंवा कात्रीने कापता येतो आणि हादऱ्यांनी कुरकुरत नाही. क्रॉसलिंक केलेला पॉलिइथिलीन फोम, ज्याला बाजारात एक्सएलपीई म्हणतात, तोही जवळपास तेवढेच काम देतो आणि वजनाला हलका असतो. मात्र खोल वळणांवर तो रबराइतका सहज झुकत नाही आणि कडेने सुटू पाहतो.

कडक फोमचे आकडे अधिक आकर्षक असतात. पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट नावाच्या कडक फोमच्या) बोर्डाची उष्णतावाहकता ०.०२२ ते ०.०२६ च्या दरम्यान असते, म्हणजे तेवढ्याच जाडीत तो रबर फोमपेक्षा स्पष्टपणे सरस ठरतो. अडचण अशी की व्हॅनच्या भिंती क्वचितच सपाट असतात, बोर्ड वाकत नाही, आणि वळणाच्या जागी त्याच्यामागे नेमकी तीच फट राहते जिची वर चर्चा केली. शिवाय त्याच्या उघड्या कडा घासून भुगा होत राहतो. म्हणून कडक बोर्ड मी सपाट जागीच वापरतो, मुख्यतः फरशीवर. तेथे एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या घट्ट फोमचा बोर्ड, सर्वांत योग्य वाटतो: तो पाणी जवळपास शोषत नाही आणि वजन पेलतो. फरशीच्या पत्र्याला जे उंचवटे असतात त्यांमधील खोबणी आधी त्याच बोर्डाच्या पट्ट्यांनी भराव्यात, मग वर सलग बोर्ड आणि त्यावर प्लायवुड. जड पेट्या, वेल्डिंगचे यंत्र किंवा सिलिंडर जिथे राहणार असतील तिथे बोर्डाऐवजी लाकडी पट्ट्या घालाव्यात आणि सामान बांधण्याच्या कड्या गाडीच्या मूळ बोल्टांवरच ठेवाव्यात. फोमवरच्या प्लायवुडला स्क्रूने जोडलेली कडी जोराच्या ब्रेकमध्ये उपटून येते.

साध्या थर्माकोलबद्दल एक प्रयोग करून पाहावा. त्याच्या तुकड्यावर सॉल्व्हंटयुक्त अ‍ॅडहेसिव्हचा एक थेंब टाकला की काही क्षणांत तिथे खळगा पडतो, कारण थर्माकोल ज्यापासून बनते ते पॉलिस्टायरीन अशा द्रवांत विरघळते. एक्सपीएस हेही पॉलिस्टायरीनच असल्याने त्याला हाच नियम लागू होतो. ज्या गाडीत रंग, थिनर किंवा पेट्रोलचे डबे फिरतात तिथे हे साहित्य उघडे ठेवू नये आणि चिकटवताना फोमला चालणारा गोंदच घ्यावा. शिवाय ते ७५ ते ८० अंशांनंतर मऊ पडू लागते आणि गडद रंगाचे छत भर उन्हात त्या तापमानाजवळ जाऊ शकते. छताला थर्माकोल न लावण्याचे हे पुरेसे कारण आहे.

फवारून भरण्याचा पॉलियुरेथेन फोम पत्र्याला फट न ठेवता चिकटतो आणि आकड्यांतही चांगला असतो, तरीही कामाच्या गाडीसाठी मी तो सुचवत नाही. एकदा भरला की वायरिंग, कुलपाच्या दांड्या आणि पत्र्याचे सांधे कायमचे त्यात गाडले जातात. अपघातात पोचा आला तर तो ठोकून काढण्यासाठी आधी फोम तासावा लागतो. जाड थर एकाच वेळी मारला तर त्याच्या फुगण्याने पातळ पत्र्याला बाहेरून लहरी दिसू लागतात. फवारताना निघणारी आयसोसायनेट या फोमच्या घटक रसायनाची वाफ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे हे काम योग्य मास्क व साधनांशिवाय करूच नये.

मेंढीची लोकर आणि पॉलिस्टर लोकर यांना मी पूर्ण बाद करत नाही. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ धरून ठेवते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. पण तिचा फायदा जिथे गाडी रोज उघडी राहून वाळते तिथेच होतो, आणि ती किडीपासून बचावाची प्रक्रिया केलेलीच घ्यावी. भिंतीतल्या खोल पोकळ्यांमध्ये, पत्र्याला रबर फोम चिकटवल्यानंतर उरलेली जागा भरायला पॉलिस्टर लोकर ठीक असते. तिने आवाजही कमी होतो.

चमकदार फॉइलबाबत मात्र फार गैरसमज आहेत. फॉइल उष्णतेचे किरण परत फेकते, परंतु त्यासाठी तिच्या समोर मोकळी हवा असावी लागते. पत्रा आणि प्लायवुड यांच्यामध्ये दाबून बसवलेली फॉइल जवळपास काहीच करत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम स्वतः उष्णतेचा उत्तम वाहक आहे. तिची खरी जागा काचांवर आहे: काचेच्या आकाराचे, फॉइल लावलेले फोमचे पडदे रात्री काचेला चपखल बसवले तर आतल्या तापमानात जाणवण्याइतका फरक पडतो. बुटाइल या कृत्रिम रबराच्या जड, चिकट शीट हा आणखी एक गोंधळ. त्या पत्र्याचा थरथराट आणि आवाज कमी करतात, उष्णता अडवत नाहीत. सपाट पत्र्याच्या मध्यभागी साधारण पाव हिस्सा झाकला तरी आवाज पुरेसा उतरतो. पूर्ण गाडी त्यांनी मढवणे म्हणजे पैसे आणि वजन दोन्ही वाया घालवणे.

जाडी किती घ्यावी, हे हिशेबाने पाहिले की मन लवकर थाऱ्यावर येते. समजा भिंती आणि छत मिळून २० चौरस मीटर पृष्ठभाग आहे आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक आहे. उघड्या पत्र्यातून साधारण १७५० वॉट उष्णता निघून जाईल. ०.०३६ वाहकतेचा २० मिलिमीटर फोम लावला की हा आकडा ४१५ च्या आसपास येतो, ४० मिलिमीटरला २३५ आणि ६० मिलिमीटरला १६५. पहिल्या २० मिलिमीटरने तेराशेहून अधिक वॉट वाचवले, शेवटच्या २० ने जेमतेम ७०. हा हिशेब भिंत अखंड फोमची आहे असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात काचा, दारांच्या फटी आणि पत्र्याच्या फासळ्या उष्णता वाहून नेतच असतात. पोलादाची वाहकता ५० च्या आसपास असते, म्हणजे फोमच्या सुमारे चौदाशे पट, म्हणूनच पहाटे हात फिरवून पाहिला तर फोम कोरडा आणि फासळी गारढोण, ओलसर लागते. त्यामुळे भिंतीवर ६० मिलिमीटर चढवून फासळ्या उघड्या सोडण्यापेक्षा सगळीकडे २५ ते ३० मिलिमीटर लावून त्याच फोमच्या १० मिलिमीटर पट्ट्या फासळ्यांवर गुंडाळणे कितीतरी शहाणपणाचे असते. उंच माणसाला छत आणि फरशी मिळून जाणारा प्रत्येक सेंटिमीटर डोक्याला जाणवतो, हेही लक्षात ठेवावे.

वजनाचा विचार साहित्यापेक्षा त्यावरील आवरणाच्या बाबतीत करावा. २० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर रबर फोम साधारण ३० किलो भरतो, तर तेवढ्याच जागेवरचे ६ मिलिमीटर प्लायवुड ७० किलोच्या पुढे जाते. हत्यारे घासतात आणि शिडी आपटते त्या खालच्या अर्ध्या भिंतीला प्लायवुड हवेच, कारण मऊ फोम स्क्रूड्रायव्हरच्या एका धक्क्याने फाटतो. वर मात्र पातळ, पुसता येणारे प्लास्टिकचे पत्रे पुरतात. सामानाची जागा आणि झोपण्याची जागा यांच्यामध्ये पूर्ण उंचीचा पडदा किंवा फळी असावी, म्हणजे धूळ अंथरुणात येणार नाही आणि रात्री तेवढाच लहान भाग उबदार ठेवावा लागेल.

आगीचा प्रश्न टाळू नये. जळताना पॉलियुरेथेन आणि पीआयआर यांतून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात, आणि आत झोपलेल्या माणसाला धूर ज्वालेच्या आधी गाठतो. विकत घेताना गाडीच्या अंतर्भागासाठीच्या आयएसओ ३७९५ चाचणीचा उल्लेख विचारावा. कापलेला छोटा तुकडा गाडीबाहेर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून पेटवून पाहावा; ज्वाला काढताच विझणारा तुकडा आणि थेंब टपकवत जळत राहणारा तुकडा यांतला फरक दाखल्याशिवायही कळतो. आत कोणतेही ज्वलनावर चालणारे उपकरण असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि छतातील वायुवीजन या दोन्ही गोष्टी अनिवार्य समजाव्यात. वायुवीजनाशिवाय कोणतेही साहित्य दमटपणा हटवू शकत नाही.

लावण्यापूर्वी सर्व वायरिंग नळ्यांमधून ओढून घ्यावे, गंज खरवडून प्रायमर मारावा आणि पत्रा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावा. छतासाठी उष्णता सहन करणारा अ‍ॅडहेसिव्हच घ्यावा, कारण साधा गोंद उन्हात मऊ पडून शीट पोट सुटल्यासारखी लोंबते. दारांच्या आणि खालच्या पत्र्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. ती आधी शोधून खडूने खूण करावी आणि कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत. चालकाच्या भागातील खांबांमध्ये आणि छताच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते, तिथे काहीही कोंबू नये. मागच्या दारांचे आवरण मात्र कायमचे न चिकटवता स्क्रूंवरच ठेवावे, आणि पहिल्या हिवाळ्याच्या मध्यावर एकदा ते उघडून तळाशी बोट फिरवून पाहावे. बोट कोरडे निघाले तर बाकीच्या भिंती उघडण्याची घाई नाही.