'टाइमपासले एखादी लव्हस्टोरी द्या न' असं कोणी म्हटलं तर काय द्यायचं

गावात ज्याच्या घरी चार पुस्तकं जास्त दिसतात तो आपोआप लायब्ररियन होतो, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत दोन कपाटं मांडून वाचनालय चालवणाऱ्याचं तर विचारूच नका. कधी ना कधी कोणीतरी येऊन, आजूबाजूला पाहून, हळूच म्हणतं, "ताई, एखादी चांगली लव्हस्टोरी असन तर द्या न." मग आपण काय करतो, तर आपल्याला जे आवडलं ते देतो, नाहीतर ज्याला बक्षीस मिळालं ते देतो. दोन्हीत पुस्तक आठ दिवस फ्रिजवर पडून राहते आणि बाई पुन्हा वाचनालयाकडे फिरकत नाही. दर्यापूर-अकोटकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यात पुस्तकं देताना मी जे करते ते लिहून राहिली, तुमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत थोडं वेगळं असेल, तसं बदलून घ्या.

पहिला प्रश्न "कोणता लेखक आवडतो" हा अजिबात नको. त्या प्रश्नाने माणूस घाबरतो, त्याला वाटते आता परीक्षा घेऊन राहिले. पहिला प्रश्न एकच, "शेवट कसा पाहिजे? जमलेलं पाहिजे का रडवणारं चालते?" बाकी सगळं नंतर.

एवढा जोर का देते, तर मराठीत प्रेमकथा म्हटलं की शेवटी लग्न होईलच याची काहीच खात्री नसते. इंग्रजीवाल्यांचं बरं आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका म्हणून लेखकांची संघटना आहे, त्यांच्या व्याख्येत दोनच गोष्टी, गोष्टीच्या मधोमध प्रेम पाहिजे आणि शेवट समाधानाचा, आशेचा पाहिजे. मिल्स अँड बून ही कंपनी 1908 पासूनची, त्यांचं कोणतंही पुस्तक उचला, दोघं शेवटी एकत्र येतात म्हणजे येतात, वाचणारी ते धरूनच चालते. आपल्याकडे असा काही करार नाही. 1939 सालचं 'रणांगण' घ्या, युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या तावडीतून निसटलेले ज्यू लोक, त्यात हॅर्टा आणि आपला मराठी चक्रधर, आणि प्रवास आहे तेवढ्याच दिवसांचं प्रेम. मराठीतली एक नंबरची प्रेमकथा म्हणा, माझी हरकत नाही, पण दुपारी जरा मन रमावं म्हणून आलेल्या बाईच्या हातात तुम्ही ती न सांगता ठेवली तर त्या दिवशी तिच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक काही वेळेवर होत नाही. गो. नी. दांडेकर म्हणजे गोनीदांची 'शितू' तशीच. गोनीदा म्हणजे आपल्याच परतवाड्यात 1916 साली जन्मलेले, पण ही गोष्ट कोकणातली, खाडीकाठची, लहानपणीच विधवा झालेली पोरगी आणि तिचं विसूवरचं प्रेम. भाषा इतकी गोड की मधात बुडवल्यासारखी, आणि शेवटी काळजाला घर पाडते. प्रेमकथा आहेच, फक्त हलकीफुलकी नाही.

म्हणून एक सोपं काम करून ठेवा. कपाटातल्या प्रत्येक प्रेमकथेच्या मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलने बारीक एक अक्षर लिहा, ग म्हणजे गोड, क म्हणजे कडू, अ म्हणजे अर्धवट, दोघं वेगळे होतात पण कोणी मरत नाही. पुस्तक देताना डोळा टाकला की कळते. "शेवट सांगितला तर मजाच गेली" असं म्हणणारे भेटतील, त्यांना सांगा, कोण मरते ते नाही सांगत, कोणीतरी मरते एवढंच सांगून राहिलो. एवढ्याने मजा जात नाही. आणि हे ही लक्षात ठेवा की कडू मागणाऱ्याही असतात. आमच्याकडे एक काकू आहे, ती सरळ म्हणते, "मले रडाले येईन असं द्या, घरी रडलं की सारे विचारतात काय झालं, पुस्तक हातात असलं की कोणी विचारत नाही." अशा बाईला ग द्याल तर ती नाराज होऊन परत आणते.

गोडचा साठा मराठी कपाटात कमी निघतो, हे आधीच सांगते. माझी पहिली मदत शरदबाबूंची. बंगालीतून मामा वरेरकरांनी शरदचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि जुन्या वाचनालयात त्या हमखास धूळ खात पडलेल्या असतात. 'परिणीता' 1914 ची, लहानशी, शेजारच्या घरातले शेखर आणि ललिता, गैरसमज, रुसवा, आणि शेवटी जमते. 'दत्ता' पण जमणारी, त्यातली विजया जमीनदाराची पोरगी आणि नरेन डॉक्टर, दोघांचं सारखं वाजते आणि त्यातूनच प्रेम. ज्या बायका संध्याकाळी सिरियल पाहतात त्यांना हे बरोबर जमते, श्रीमंत घर, मानपान, मधे लुडबुड करणारा एक माणूस, सगळा मसाला आहे. मात्र 'देवदास' त्याच लेखकाचा म्हणून त्याच झटक्यात देऊन टाकू नका, तो क आहे आणि मोठा क आहे.

आता माणूस पाहा. नवीन लग्न होऊन आलेली सून असेल तर तिला वेळ मिळते तुकड्या-तुकड्यात, दुपारी भांडी झाल्यावर सासू लवंडली की अर्धा तास, तेवढंच. तिला जाड पुस्तक नकोच. बारीक, छोट्या प्रकरणांचं द्या, म्हणजे कुठेही ठेवता येते आणि पुन्हा धरता येते. व. पु. काळेंचं 'पार्टनर' अशा सुनांना आवडते, कारण त्यात लग्नाच्या आधीचं जेवढं आहे त्याच्यापेक्षा लग्नानंतरचं जास्त, जागेची अडचण, घरातले लोक, नवराबायकोनं एकमेकांकडे कसं पाहावं. पण अगदी हसरं पुस्तक आहे असं सांगू नका, तसं ते नाही. शिकलेली, नोकरीवाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मॅडम वगैरे असेल तर गौरी देशपांडे. तिच्या कादंबऱ्या पानांनी छोट्या आहेत पण बाया लग्नाबाहेरचं बोलतात, नवऱ्याला प्रश्न विचारतात, 'एकेक पान गळावया' मी सरसकट कोणाला देत नाही, आधी थोडं बोलून पाहते. आणि आजीबाईला काय द्यायचं यात पुस्तकापेक्षा छपाई महत्त्वाची. जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक आणि कागद पिवळा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला फडके कितीही आवडत असले तरी तिला ते वाचवत नाही. नवीन आवृत्ती असेल तरच द्या, नाहीतर नातीला वाचून दाखवायला सांगा, त्यात नातीचंही वाचन होते.

फडक्यांवरून आठवलं. ना. सी. फडके म्हणजे एका जमान्याचे रोमान्सचे राजे, नायक देखणा, टेनिस खेळणार, घरी मोटार, नायिका गोरीपान आणि कॉलेजातली. आजच्या पोट्ट्यांना ते हसू येण्यासारखं वाटते, पण ज्यांनी तरुणपणी वाचलं त्यांना अजून गोड वाटते. म्हणजे साठीच्या पुढे खुशाल द्या, विशीत देऊ नका. खांडेकरांची 'ययाति' तर सगळ्यांना माहीत, 1974 चं ज्ञानपीठ त्यांना, म्हणून लोक भेट म्हणून देतात, पण ती प्रेमापेक्षा वासनेची आणि पश्चात्तापाची गोष्ट आहे, देवयानी, शर्मिष्ठा, ययाति आपापली बाजू सांगतात, टाइमपासले मागणाऱ्याला जड जाते.

बाप्यांची गंमत वेगळीच. त्यांनाही लव्हस्टोरी पाहिजे असते पण मागता येत नाही, ते येऊन म्हणतात, "ऐतिहासिक काही असन तं द्या." समजून जायचं. रणजित देसाईंची 'स्वामी' द्या, 1962 ची, वरून पेशवाई, दरबार, राघोबादादा, आतून माधवराव-रमाबाईचा संसार. शेवट काय होते ते शाळेतच शिकलेलं असते, 1772 ला थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेली, त्यामुळे कडू आहे हे सांगायचीही गरज नाही. दुसरी ना. सं. इनामदारांची 'राऊ', बाजीराव-मस्तानी. 2015 च्या पिक्चरमुळे पोरंसुद्धा मागतात. जाड आहेत दोन्ही, पण बाप्यांना जाड चालते, हरभऱ्याच्या जागलीला गेले की रात्र मोठी असते.

कॉलेजच्या पोरापोरींना मिलिंद बोकीलांची 'शाळा', नववीतला मुकुंद आणि शिरोडकर, आणीबाणीचे दिवस. हिच्यावर अ लिहा. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' पिक्चरमुळे मागतात, फक्त पिक्चरसारखंच सगळं असेल असं सांगून देऊ नका, मग भांडायला येतात. आणि भाषा आपली वऱ्हाडी आहे म्हणून उद्धव शेळक्यांची 'धग' लव्हस्टोरीच्या नावाखाली खपवू नका. 1960 ची फार मोठी कादंबरी आहे, कौतिकचे हाल वाचून माणूस सुन्न होते, जरूर द्या, पण ज्या दिवशी कोणी तीच मागेल त्या दिवशी.

हिंदी विसरू नका, आपल्या विदर्भात हिंदी वाचणारे घरोघरी आहेत. धर्मवीर भारतींचं 'गुनाहों का देवता' 1949 चं, अजूनही पोरं रात्रभर जागून वाचतात, चंदर आणि सुधा. क, ठळक अक्षरात क. इंग्रजी सुधारायचं असेल तर बीएच्या पोरीला मिल्स अँड बूनची जुनी पुस्तकं चालतात, वाक्यं सोपी आणि शेवट माहीत असल्यामुळे अडलेला शब्द सोडून पुढे जाता येते. काही पानं जरा मोकळी असतात, ते आधी सांगून टाका.

मोकळ्या पानांचं आलंच तर तेही बोलू. गावात "ती तसली पुस्तकं वाचते" एवढं कोणी म्हटलं की पोरीचं वाचनालय बंद. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा 1962 च्या दिवाळी अंकात आली तर अश्लील म्हणून खटला भरला, पार सुप्रीम कोर्टात गेला, आणि 1969 ला कोर्टाने अश्लील नाही म्हणून सोडलं. आज ती वाचली तर लोक म्हणतील यात होतं काय. पण तुमच्या गावात सुप्रीम कोर्ट येत नाही, तिथे शेजारीण असते. म्हणून चार लोक बसलेले असताना पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचू नका, रजिस्टरवर नाव लिहा पण रजिस्टर उघडं ठेवू नका, आणि सगळ्याच पुस्तकांना, हो, पाककृतीच्या पुस्तकालाही, एकसारखं खाकी कव्हर घाला. फक्त प्रेमकथांना घातलं तर खाकी कव्हर पाहूनच लोक ओळखतात.

कधी द्यायचं हेही पाहा. कापूस वेचणीत, दिवाळीपासून पुढे संक्रांतीपर्यंत, कोणाला वेळ नाही, तेव्हा पुस्तक देऊन आठवड्याने तगादा लावू नका. महालक्ष्म्यांच्या आधी तर नावच काढू नका. खरा सीझन एप्रिल-मे, दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, कूलरपुढे सगळं घर आडवं, तेव्हा दोन-दोन पुस्तकं एकदम द्या आणि जाड द्या. ज्यांचे हात कामात आहेत त्यांना ऑडिओ सांगा, स्टोरीटेलवर मराठी कादंबऱ्या ऐकायला मिळतात, पैसे लागतात पण रात्री लाइन आली की ओलिताला जाणाऱ्याला कानात गोष्ट बरी असते. प्रतिलिपीवर मोबाइलमध्येच रोजचे भाग येतात, नवीन लिहिणारे, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब, पण शेवट बहुतेक गोड आणि पोरी तिथेच अडकतात, तर नाक मुरडू नका. फक्त सांगा की पुढचे भाग कधी लगेच मिळतात, कधी वाट पाहावी लागते, आणि कधी लिहिणारीच मधे सोडून देते. गोष्ट पूर्ण झालेली आहे का ते पाहून सुरू कर म्हणा.

पुस्तक हातात देताना दोनच वाक्यं बोला. कुठली गोष्ट आणि कशी संपते. "शेजारच्या पोराची आणि पोरीची आहे, बंगालची, शेवटी जमते." बस. पूर्ण कथा सांगत बसलात तर ती वाचेल कशाला. आणि सांगा की वीस-पंचवीस पानांत नाही लागलं मन तर परत आणून दे, मला राग येत नाही. बऱ्याच जणींना वाटते घेतलं म्हणजे संपवायलाच पाहिजे, मग ते संपतही नाही आणि दुसरं नेलंही जात नाही. परत आणलं की "आवडलं का" विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. "कुठपर्यंत आली होती?" विचारा. पन्नास पानांवर सोडलं असेल तर त्या पन्नास पानांत काय होतं ते पाहा, बहुतेक वेळा वर्णन असते, लांबच्या लांब, निसर्गाचं. तिला पुढच्या वेळी बोलणं जास्त आणि वर्णन कमी असलेलं द्या.

कपाटात गोड संपली तर? सुमती क्षेत्रमाडे, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर, कुसुम अभ्यंकर यांची पुस्तकं एकेकाळी वाचनालयात सारखी फिरायची, ती तालुक्याच्या मोठ्या वाचनालयात अजून सापडतात, तिथून आणा, स्वतः चाळून अक्षर लिहा. आपलं वाचनालय 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं, अगदी ड वर्गाचं असलं तरी, अनुदानातून दरवर्षी थोडीफार पुस्तकं घ्यावीच लागतात, आणि ती यादी बहुतेक ठिकाणी अध्यक्ष आणि सचिव बसून करतात, त्यात चरित्र आणि स्पर्धा परीक्षा एवढंच येते. यादी जायच्या आधी रजिस्टर काढून दाखवा की वर्षभरात बायांनी काय मागितलं आणि काय मिळालं नाही. मागणी लिहून ठेवायला रजिस्टरचं शेवटचं पान वापरा, तारीख टाकून, नाव न टाकता.