रेडिओग्राफीला येताय? चित्र छान दिसलं म्हणून खूश होऊ नका

बारावी सायन्सनंतर रेडिओग्राफीला जाऊ का, असं विचारणाऱ्या बहुतेकांना वाटतं की आता सगळं डिजिटल झालंय, बटण दाबलं की काम झालं. डार्करूम गेली, फिल्म धुण्याच्या फिक्सरचा वास गेला, पॅक्सवर (इमेज साठवून दुसरीकडे पाठवणाऱ्या सिस्टिमवर) इमेज टाकली की रेडिओलॉजिस्ट घरबसल्या रिपोर्ट देतात, इथपर्यंत खरं आहे. पण खरी गोम पुढेच आहे.

फिल्मवर एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची, लपवायला जागाच नसायची. आता सॉफ्टवेअर ब्राइटनेस सावरून घेतं. डोस कमी पडला तर इमेज दाणेदार दिसते, दुप्पट गेला तर मात्र उलट जास्तच स्वच्छ! मग हात नकळत एमएएस (एक्स-रेचं प्रमाण ठरवणारी सेटिंग) चढवत जातो आणि कोणी ओरडत नाही. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यातला डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे एक्सपोजर ठरल्यापेक्षा किती जास्त-कमी झालं ते सांगणारा आकडा, वाचायची सवय लावा. ० म्हणजे ठरल्याप्रमाणे, +३ म्हणजे साधारण दुप्पट, -३ म्हणजे निम्मं. जुन्या सीआर (कॅसेटवरून इमेज वाचणाऱ्या) मशीनवर कंपनीगणिक आकडे वेगळे, काहींचे तर उलटे चालतात, तेव्हा मशीनचं मॅन्युअल चाळाच.

पोझिशनिंग मात्र कुठलंच सॉफ्टवेअर करून देत नाही. चेस्ट पीएला, म्हणजे पाठीकडून काढायच्या छातीच्या एक्स-रेला, आलेल्या आजींची वेणी पाठीवर राहिली तर फुफ्फुसाच्या टोकावर अशी सावली पडते की टीबीची शंका यावी. “आजी, वेणी वर बांधा, ताईत काढा. खांदे पुढे. आता मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका.” हे न चिडता दिवसभर म्हणता यायला हवं. डाव्या-उजव्याचा शिशाचा मार्कर एक्सपोजरआधीच लावा. नंतर कॉम्प्युटरवर ‘एल’ टाइप करणं मला अजिबात पटत नाही, कारण इमेज उलटी झालेली असली तर हृदय उजवीकडे असलेला पेशंट ओळखणार कसा?

सीटीत पाणी ० आणि हवा -१००० हाउन्सफिल्ड (एक्स-रे किती अडतात याचं माप), हे सगळे घोकतात. पण डोक्याला मार लागलेल्याची कवटी बोन विंडोत, म्हणजे हाडं नीट दिसतील अशा ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या सेटिंगमध्ये, उघडून बघा. ब्रेन विंडोत बारीक फ्रॅक्चर पांढऱ्यात पांढरं विरून जातं.

टीएलडी बॅज (तुमच्या अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) लेड एप्रनच्या, म्हणजे शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर. खिशात नाही, लॉकरमध्ये तर नाहीच.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. जोडलेल्या हॉस्पिटलात ओपीडी किती चालते आणि विद्यार्थ्यांना सीटी कन्सोलवर बसू देतात की नुसतं मागे उभं करतात, हे तिथल्या सीनियर्सना विचारा.