पाच फुटांचा चौकोन, अडीच फुटांची भिंत: खेळासाठी वाड्याचा नकाशा

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, इमारतीचा नकाशा दोन कामांसाठी लागतो. पात्र एका पाळीत कुठवर पोचेल आणि कुठून काय दिसेल, हे खेळणाऱ्यांना न भांडता कळावे, एवढेच त्याचे प्रयोजन असते. त्यामुळे भिंती, दारे आणि उजेड हे आधी ठरवावे आणि फरशीचा रंग, सतरंजीची नक्षी वगैरे नंतर, वेळ उरला तर करावे. मी स्वतः पहिले दोन नकाशे उलट क्रमाने केले आणि दोन्ही टाकून द्यावे लागले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. आज तो खेळताना नकाशावरचा एक चौकोन पाच फुटांचा धरतात आणि टेबलावर तो एक इंचाचा असतो. तयार मिळणारे नकाशे याच मापाचे असले, तरी त्यांतली घरे बहुधा युरोपीय सराईची किंवा गढीची असतात आणि भिंत म्हणजे एक जाड रेघ असते. आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या वाड्याची मातीची भिंत मात्र अडीच-तीन फुटांची, म्हणजे सुमारे अर्ध्या चौकोनाची भरते. तिला रेघ म्हणून काढले, की कोनाडे, बळदे (भिंतीतली धान्याची कोठारे), भिंतीत गाडलेले हंडे हे सगळे ठेवायला जागाच उरत नाही. वाड्याच्या नकाशातली खरी अडचण ती हीच, आणि तिचा उपायही सोपा आहे.

पहिले काम संगणकावरचे नाही. पन्नास फुटी टेप आणि गणिताची चौकोनी रेघांची वही घेऊन एखादा उभा असलेला वाडा मोजावा. मी आजोळचा वाडा मोजला, तेव्हा मोठे मामा बंगईवरून, म्हणजे झोपाळ्यावरून, म्हणाले, “काहून रे बाबू, हिस्से पाडाले आला काय?” कशासाठी मोजतो आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. भिंतीची जाडी खिडकीपाशी मोजावी. टेपचे टोक बाहेरच्या कडेला धरून ती खिडकीच्या तळावरून आत ओढली, की अंदाज करावा लागत नाही. माझ्या टेपवर तिथे दोन फूट सात इंच आले, ते मी अडीच फूट धरले. ओसरीच्या दोन खांबांमधले अंतर, म्हणजे एक खण, साडेपाच फूट भरले, ते पाच केले. एक खण म्हणजे एक चौकोन हे जुळले, की निम्मा नकाशा आपोआप बसतो.

साधन म्हणून मी इंकस्केप हे रेखाचित्रे काढायचे सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालते, आणि रेषा गणिताने साठवल्या जात असल्यामुळे नकाशा कितीही मोठा केला तरी फाटत नाही. भारनियमन असलेल्या गावात काम लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि नेटशिवाय उरकता येणे, हा गुण मी सर्वांत वरचा मानतो. खास खेळाचे नकाशे काढायची साधनेही आहेत. त्यांपैकी ब्राउझरमध्ये चालणारे डंजन स्क्रॉल घाईच्या वेळी चांगले आहे. डंजनड्राफ्ट विकत घ्यावे लागते, पण त्याचा नकाशा देखणा होतो. मात्र त्यातल्या तयार सामानात पिंप आणि शेकोटी मिळेल, जाते आणि उखळ मिळणार नाही.

इंकस्केपमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून एकक इंच ठेवावे आणि आयताकृती ग्रिडचे अंतर ०.२ इंच द्यावे. एक इंच म्हणजे पाच फूट, म्हणून ०.२ इंच म्हणजे बरोबर एक फूट. दर पाचवी रेघ ठळक ठेवावी. बारीक घर एक फुटाचे आणि ठळक घर खेळातल्या चौकोनाचे, अशी दोन्ही मापे मग एकाच जाळीत दिसतात. स्नॅपिंग चालू ठेवावे, म्हणजे कोपरे रेघेवर आपोआप चिकटतात.

आता भिंत. बाहेरची कड ठळक रेघेवर ठेवली, तर आतली कड चौकोनाच्या मध्यावर येते आणि आतल्या सगळ्या खोल्यांत अर्धे-अर्धे चौकोन उरतात. सोंगटी अर्धी भिंतीत उभी आहे का, यावर मग प्रत्येक पाळीला वाद होतो. म्हणून भिंतीची आतली कड ठळक रेघेवर घ्यावी आणि जाडी बाहेरच्या बाजूला वाढू द्यावी. माझ्या वाड्याची आतली जागा नकाशात ४० बाय ५५ फूट, म्हणजे ८ बाय ११ चौकोन आहे. भिंतींसह ती ४५ बाय ६० फूट होते आणि चारही बाजूंना अर्धा-अर्धा चौकोन सोडला, की पान १० बाय १३ इंचांचे लागते. आतल्या फूटभर जाडीच्या कुडाच्या भिंती ठळक रेघेच्या मधोमध बसवाव्यात. त्या दोन्हीकडचा अर्धा-अर्धा फूट खातात, पण सोंगटीला जागा पुरते.

काढण्याची रीत अशी आहे. बाहेरचा आयत काढावा, त्यावर आतला आयत ठेवावा, दोन्ही निवडून पाथ मेनूतले डिफरन्स द्यावे, म्हणजे भिंतीची सलग चौकट उरते. दारे-खिडक्यांच्या जागाही याच पद्धतीने कापाव्यात. आयतांना केवळ रंग भरावा आणि बाह्यरेषा पूर्ण काढून टाकावी, कारण ती कडेच्या दोन्ही बाजूंना पसरते आणि काळजीने ठेवलेले माप बिघडवते. भिंती, दारे, सामान आणि गुपित असे चार लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, पुरेत. काम झालेल्या लेयरला कुलूप लावावे. माडी असेल तर ती त्याच फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर काढावी, म्हणजे खालचा आणि वरचा जिना एकावर एक येतो.

खोल्यांची मांडणी करताना खेळाची मापे हाताशी असू द्यावीत. माझ्या वाड्यात दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दारातून, आत येताच तीन चौकोन खोल देवडी आहे, मग चार बाय चार चौकोनांचा चौक, त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खणांची ओसरी, आणि मागे चार चौकोनांत माजघर व स्वयंपाकघर. सामान्य मानवी पात्र एका पाळीत ३० फूट, म्हणजे सहा चौकोन चालते. दिंडीजवळच्या पहिल्या चौकोनातून निघालेल्या पात्राला माजघरात पाऊल टाकायला सात चौकोन लागतात, म्हणजे पाळी संपते तेव्हा ते चौकाच्या शेवटच्या चौकोनात, सगळ्यांच्या नजरेसमोर उघडे उभे असते. मशालीचा लख्ख उजेड २० फूट पडतो, म्हणून चौकाच्या मधोमध वृंदावनापाशी लावलेली मशाल दोन्ही ओसऱ्यांच्या मागच्या भिंतींपर्यंत पोचते आणि माजघराच्या आतल्या भागात अंधुकच उरते. असे योग जुळवून आणायचे असतात. देवडी एक चौकोन कमी केली असती, तर तो सगळा प्रसंग हातून गेला असता.

ओसरीचे खांब चौकोनांच्या मध्यावर ठेवू नयेत. ते ठळक रेघा जिथे छेदतात तिथे ठेवावेत, म्हणजे आडोसा मिळतो आणि उभे राहायची जागा अडत नाही. सामान स्वतः काढायला अर्धा तास पुरतो: जाते म्हणजे एकात एक दोन वर्तुळे, चूल म्हणजे तीन बाजूंनी बंद चौकोन, बंगई म्हणजे आयत आणि चार कोपऱ्यांवर कड्यांचे ठिपके. एकदा काढलेल्या वस्तूचा क्लोन वापरावा. मूळ बदलले की सगळीकडे बदलते. धान्याचे जमिनीखालचे पेव, त्याचे जमिनीबरोबरचे तोंड आणि भिंतीतले बळद हे गुपित लेयरवर जातात.

एक्सपोर्ट करताना या मापाचा फायदा कळतो. एक इंच म्हणजे एक चौकोन असल्यामुळे डीपीआयचा (इंचामागे किती पिक्सेल, याचा) आकडा म्हणजेच एका चौकोनाचे पिक्सेल. रोल२० आणि फाउंड्री ही संगणकावर एकत्र खेळायची साधने आहेत. रोल२०मध्ये चौकोन मुळात ७० पिक्सेलचा असतो, म्हणून ७० डीपीआय द्यावे. फाउंड्रीत तो १०० पिक्सेलचा असतो, तेव्हा १०० द्यावे आणि चित्र १००० बाय १३०० येईल. छपाईसाठी ३०० ठेवावे. फाउंड्रीत नजर अडवणाऱ्या भिंती वेगळ्या आखाव्या लागतात. ती रेघ जाड भिंतीच्या मध्यातून न्यावी, म्हणजे भिंतीचा आतला भाग दिसतो आणि पलीकडचे झाकलेले राहते. खेळाडूंची प्रत काढण्यापूर्वी गुपित लेयर बंद करावा आणि फाइलचे नावही तपासावे. मी लेयर आठवणीने बंद केला, पण ग्रुपवर पाठवलेल्या फाइलचे नाव ‘पेवासह-अंतिम’ असे राहिले. पहिल्याच पाळीत तिघांनी कुदळी मागितल्या.

फाइल दुसऱ्याकडे द्यायची असेल तर मराठी अक्षरांचे ऑब्जेक्ट टू पाथ करून घ्यावे, नाहीतर तिथे तो फॉन्ट नसल्यास अक्षरे दुसऱ्याच वळणाची होतात. मूळ प्रत वेगळी जपावी, कारण नंतर ती अक्षरे टंकून बदलता येत नाहीत.

टेबलावर खेळायचे असेल तर ए४ कागदावर कडा सोडून ७ बाय १० चौकोन बसतात, म्हणून हा वाडा चार कागदांवर येतो. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मी पहिल्यांदा छापून घेतला, तेव्हा छपाईच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ तसेच राहिले आणि दहा चौकोन साडेनऊ इंचांतच संपले. ‘ॲक्च्युअल साइज’ आधी निवडावे. नकाशाच्या कोपऱ्यात पाच इंचांची एक रेघही आखून ठेवावी आणि पहिला कागद निघताच तिला पट्टी लावावी. ती भरली, तरच उरलेले तीन कागद काढायला सांगावे.