सी-थ्री शिकताय? शेवटची यादी गाळू नका

क्लास, इनहेरिटन्स, डायमंड प्रॉब्लेम वगैरे माहीत आहे असं धरून लिहितेय. पायथॉनमध्ये एका क्लासला अनेक पालक असले की मेथड शोधायचा क्रम, म्हणजे एमआरओ, कसा ठरतो एवढंच सांगायचंय. तो ठरवायच्या रीतीचं नाव सी-थ्री.

आधी डोक्यातून ‘डेप्थ-फर्स्ट, डावीकडून उजवीकडे’ (म्हणजे डाव्या पालकाचे सगळे पूर्वज संपवून मग पुढचा पालक) काढून टाका. इंटरव्ह्यूसाठी फिरणाऱ्या पीडीएफमध्ये हेच उत्तर असतं (त्या पीडीएफवर माझा राग आहेच). ते पायथॉन २ मधल्या जुन्या धाटणीच्या क्लासेसचं. २००३ मध्ये २.३ आवृत्तीपासून सी-थ्री आलं. मुळात ते डिलन भाषेसाठी १९९६ मध्ये मांडलं गेलं होतं.

कृती छोटी आहे. क्लास स्वतः सगळ्यात पुढे; त्याच्यामागचा क्रम काढायचाय. प्रत्येक पालकाचा एमआरओ ही एक यादी. शेवटी आणखी एक यादी: कंसात लिहिलेले पालक, त्याच क्रमाने. आता पहिल्या यादीचं पहिलं नाव घ्या. ते दुसऱ्या कुठल्याही यादीत पहिली जागा सोडून पुढे कुठे असेल, तर तूर्त बाद; पुढच्या यादीचं पहिलं नाव बघा. चालणारं नाव सापडलं की उतरवा, सगळीकडून खोडा आणि पुन्हा पहिल्या यादीपासून सुरुवात करा.

अडकायला होतं ते त्या शेवटच्या यादीपाशी. मीही तिथेच अडकले होते, म्हणून जरा लांबण लावते. समजा ‘बचतखाते’चा पालक ‘खाते’ आहे, आणि तुम्ही ‘पगारखाते’ला पालक दिले: खाते, बचतखाते. पालकांच्या दोनच याद्या घेतल्या तर [खाते, ऑब्जेक्ट] आणि [बचतखाते, खाते, ऑब्जेक्ट] (‘ऑब्जेक्ट’ म्हणजे पायथॉनमधल्या सगळ्या क्लासेसचा मूळ पूर्वज). ‘खाते’ दुसऱ्या यादीत मागे आहे, म्हणून बाद. ‘बचतखाते’ चालतं, मग ‘खाते’, मग ‘ऑब्जेक्ट’. वहीत सगळं सुरळीत, आणि पायथॉन मात्र टाइपएरर फेकतो! कारण तिसरी यादी आहे [खाते, बचतखाते]. तिच्यात ‘बचतखाते’ मागे आहे, म्हणून तेही बाद. उचलायला नावच उरत नाही. तुम्ही लिहिलंत ‘आधी खाते’, पण लेक पालकाच्या आधी यायलाच हवी. दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. २.२ आवृत्ती अशा वेळी तुमचा क्रम गुपचूप उलटवायची. त्यापेक्षा एरर बरा.

घाबरू नका, अशा वेळी उपाय सोपा असतो: कंसातली नावं उलटी करा. इथे तर नुसतं ‘बचतखाते’ लिहिलं तरी भागतं.

‘मल्टिपल इनहेरिटन्सच्या वाटेला जाऊच नका’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं मी अर्धंच ऐकते, कारण जँगोत, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, मिक्सिनशिवाय (दुसऱ्या क्लासला जोडायच्या छोट्या क्लासशिवाय) पान हलत नाही. एमआरओ प्रिंट करून बघणं हा शॉर्टकट चांगलाच, पण आधी दोन-चार उदाहरणं कागदावर सोडवा. नाहीतर ‘सुपर’ म्हणजे आपला पालक हा गैरसमज जात नाही. ज्या वस्तूवर मेथड चालतेय, तिच्या क्लासच्या एमआरओमधल्या पुढच्या क्लासकडे ‘सुपर’ जातो, आणि तो शेजारचा भाऊही असू शकतो.

आणि एरर आला नाही म्हणजे क्रम बरोबर, असं समजू नका. जँगोत लॉगिन तपासणारा ‘लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन’ हा यादीचं पान दाखवणाऱ्या ‘लिस्टव्ह्यू’च्या उजवीकडे लिहिला तर सी-थ्रीची काही तक्रार नसते. पण ‘लिस्टव्ह्यू’चा पूर्वज ‘व्ह्यू’ याची डिस्पॅच मेथड (विनंती आली की आधी चालते ती) आधी सापडते, ती पुढे ‘सुपर’ला हाक मारत नाही, आणि लॉगिनची तपासणी होतच नाही. मिक्सिन सगळ्यात डावीकडे ठेवा, आणि लॉगिन न करता ते पान उघडून बघणारी टेस्ट लिहा.