प्लेटोच्या संवादांतली खरी माणसं: व्यक्तिकोश हाताशी घेऊन वाचताना

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे संवाद, म्हणजे सॉक्रेटिस आणि इतरांच्या संभाषणाच्या रूपातले ग्रंथ, नव्याने वाचायला घेणारे बहुतेक जण माणसांची नावं ओलांडून थेट युक्तिवादाकडे धावतात. केफालस, पोलेमार्कस, लिसिमाकस, निकियस ही नावं लक्षात ठेवायची गरजच कुणाला वाटत नाही. मी नव्या विद्यार्थ्यांना नेमकं उलट सांगते. संवाद एकदा वाचून झाला की दुसऱ्या वाचनाआधी त्यातल्या प्रत्येक माणसाची व्यक्तिकोशातली नोंद काढा. ही माणसं बहुतांशी खरी होती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे प्लेटोच्या अथेन्समधल्या वाचकाला ठाऊक होतं. ते आपल्याला ठाऊक नसेल तर संवाद अर्धाच हाती लागतो.

सुरुवातीला एकच कोश पुरे: डेब्रा नेल्स यांचा ‘द पीपल ऑफ प्लेटो’ (२००२). नोंदी वर्णानुक्रमे आहेत. माणूस कोणत्या संवादात येतो, इतर प्राचीन लेखकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय, शिलालेखांत तो सापडतो का, हे सगळं एका जागी मिळतं. महत्त्वाच्या घराण्यांच्या वंशावळीही आहेत. कोश वापरण्याआधी एक गोष्ट शिकून घ्या: संवादांच्या समासात छापलेले आकडे. ते स्टेफानुस या मुद्रकाच्या १५७८ च्या आवृत्तीतले पृष्ठांक आहेत आणि सगळे संदर्भ त्यांनीच दिले जातात. समासात हे आकडे नसलेलं भाषांतर अभ्यासाला घेऊ नका.

आता ‘रिपब्लिक’चं पहिलं पुस्तक घ्या. सॉक्रेटिस पिरेयस बंदरातून शहराकडे परत निघालेला असतो. पोलेमार्कसचा गुलाम पोरगा मागून येऊन त्याचं वस्त्र धरतो आणि सगळी मंडळी पोलेमार्कसच्या घरी जमतात. ज्याचं त्याला देणं, म्हणजे मित्रांचं भलं आणि शत्रूंचं वाईट करणं हाच न्याय, असं पोलेमार्कस मांडतो. नुसतं वाचलं तर तो वादात हरण्यापुरता आणलेला माणूस वाटतो. कोशातली नोंद मात्र तुम्हाला त्याचा भाऊ लिसियस याच्या ‘एराटोस्थेनिसविरुद्ध’ या भाषणाकडे नेते. मग पानाचा रंगच बदलतो.

घराणं मूळचं सिसिलीतल्या सिराक्यूजचं, अथेन्समध्ये नागरिकत्व नसलेलं, पण श्रीमंत. इ.स.पू. ४०४ मध्ये युद्धात हरलेल्या अथेन्सवर तीसजणांची राजवट आली आणि पैशासाठी अशा परक्या धनिकांवर तिने झडप घातली. लिसियस दारं उघडी सापडली म्हणून निसटला आणि त्याच रात्री होडीने शेजारच्या मेगारा शहरात गेला. पोलेमार्कसला रस्त्यातच धरलं आणि आरोपही न सांगता विष प्यायला लावलं. सातशे ढाली, एकशेवीस गुलाम, सोनंचांदी, सगळं जप्त. मेलोबियस नावाच्या माणसाने पोलेमार्कसच्या बायकोच्या कानांतली सोन्याची कर्णभूषणं ओढून काढली. घराण्याची तीन घरं असूनही एकातूनही अंत्ययात्रा काढू दिली नाही. एक खोपटं भाड्याने घेऊन प्रेत तिथे ठेवलं. कुणी अंगावर घालायला वस्त्र दिलं, कुणी उशी दिली.

इथे न थांबता शेजारच्या नोंदी बघा. संवादात पुढे बोलणारे ग्लाउकोन आणि अडेइमांटस हे प्लेटोचे सख्खे भाऊ. तीसजणांचा म्होरक्या क्रिटियस हा त्यांच्या आईचा चुलतभाऊ, आणि तीसजणांच्या वतीने पिरेयसवर नेमलेल्या दहाजणांतला कार्मिडीस हा त्यांचा मामा. ज्याच्या घरात बसून न्यायाची चर्चा चाललीय, त्याला मारणारी राजवट यजमानाच्या पाहुण्यांच्याच नात्यातली. हे प्लेटो या संवादात कुठेही सांगत नाही. सांगायची गरजच नव्हती.

नावांचा गोंधळ मात्र होणार. अथेनियन माणसाची ओळख स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि डीम, म्हणजे गाव किंवा वस्ती, अशी तिहेरी. डीम वडिलांकडून मुलाकडे येई. मुंबईत राहूनही नागपूरकर हे नागपूरकरच, तसं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्याने घोटाळा वाढतो. ‘लाकेस’मधल्या मेलेसियसचे वडील थुसिडिडीस आणि मुलगाही थुसिडिडीस, आणि दोघांपैकी इतिहासकार कुणीच नाही. म्हणून नोंद शोधताना आधी वडिलांचं नाव जुळवा.

पुढे गेलात की जुनी साधनं लागतील. किर्खनरचा ‘प्रोसोपोग्राफिया अटिका’ (१९०१–०३) लॅटिनमध्ये आहे, पण त्याचे नोंदक्रमांक पुढच्या अभ्यासकांनीही वापरले आहेत. डेव्हिस यांचा ‘अथेनियन प्रॉपर्टीड फॅमिलीज’ (१९७१) पैसेवाल्या घराण्यांसाठी आहे. ऑक्सफर्डचा ग्रीक व्यक्तिनामकोश इंटरनेटवर फुकट शोधता येतो.

कोशावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. प्रत्येक नोंदीला विचारा, हे कळलं कुठून? कित्येकदा पुरावा म्हणजे तोच संवाद असतो, आणि मग त्याच नोंदीने संवाद समजून घेणं हे चक्राकार होतं. ‘गॉर्जियस’मधला कॅलिक्लिस प्लेटोबाहेर कुठेच नाही, त्याच्या भोवतीची माणसं मात्र खरी आहेत. ‘मेनो’ संवादातल्या मेनोचं वाईट चित्र झेनोफोन या इतिहासकाराने रंगवलंय, आणि झेनोफोनला तो मुळीच आवडत नव्हता. ‘लिसिस’ संवादातल्या लिसिसची गोष्ट मला फार आवडते. डेमोक्रेटिसचा मुलगा, डीम ऐक्सोने, एवढं संवादात येतं. नेमक्या याच तीन गोष्टी कोरलेलं त्याचं थडग्यावरचं संगमरवरी स्मारक मिळालं, आणि त्यावरचा लेख १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. संवादातला तो लाजरा पोरगा मोठा झाला, त्यालाही मुलगा झाला.

पहिला संवाद ‘लाकेस’ घ्या. पात्रं थोडी, नोंदी भरघोस. विषय शौर्य, आणि बोलणारे दोन सेनापती. लाकेस इ.स.पू. ४१८ मध्ये मांटिनियाच्या लढाईत पडला. निकियसने ४१३ मध्ये सिराक्यूजसमोर चंद्रग्रहण झालं म्हणून ज्योतिष्यांच्या सांगण्यावरून माघार तीन गुणिले नऊ, म्हणजे सत्तावीस दिवस लांबवायचं ठरवलं. सैन्य गेलं आणि तोही मारला गेला. आता संवादातलं १९९ वं पृष्ठ काढा. सेनापतीने ज्योतिष्यावर हुकूम चालवावा, ज्योतिष्याने सेनापतीवर नव्हे, असा कायदाच आहे, हे सॉक्रेटिस तिथे म्हणतो. समोर निकियस बसलेला असतो. इतिहासकार थुसिडिडीसच्या सातव्या पुस्तकातलं ग्रहणाचं प्रकरण शेजारी उघडं ठेवूनच ते पान वाचा.